उघड्या गिअरबॉक्सची पूजा

नाशिक फाट्याखाली झेंडूचे ढीग पडले की आमच्याकडे दसरा आला असं धरायचं. खेडकडून, चाकणकडून टेंपो येतात, ताडपत्रीवर पिवळी-केशरी फुलं ओततात आणि दोन दिवस त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात तोच एक वास भरून राहतो. त्या वासानं लोकांना दारावरचं तोरण आठवतं, श्रीखंडाचा डबा आठवतो. मला डिझेल आठवतं. झेंडू आणि डिझेल या दोन वासांची गेल्या वर्षी माझ्या डोक्यात अशी काही गाठ बसली की यंदा कॉलेजातून परत येताना सिग्नलला थांबले, गाडीच्या खिडकीतून वास आत आला, आणि मागचा रिक्षावाला "ओ मॅडम, झोपलात का?" असं ओरडेपर्यंत सिग्नल सुटल्याचं मला कळलं नाही.

झोपले नव्हते. गेल्या वर्षीच्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले होते.

त्या टेबलावर वर्तमानपत्रांचे चार थर, त्यावर जुनं मेणकापड, त्यावर परात, परातीत डिझेल आणि डिझेलमध्ये एका जुन्या मोटारसायकलचा सुटा केलेला गिअरबॉक्स. एका बाजूला अण्णा, म्हणजे माझे वडील. दुसऱ्या बाजूला मी. स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून आई. कासारवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच.

"ती परात आता गेली म्हणायची," आई म्हणाली.

"कुठं जातीय? पवित्र झाली," अण्णा म्हणाले.

अण्णा इथल्या एका कंपनीच्या गिअर शॉपमध्ये, म्हणजे गिअर बनवणाऱ्या विभागात, चौतीस वर्षं होते. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन डिझाइन शिकवते. म्हणजे घरात दोघं गिअरवाले, पण अण्णांच्या लेखी दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर. "तू गिअरचं चित्र काढतीस, मी गिअर काढतो," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं. फळ्यावर मी दात्यांची वक्ररेषा एका झटक्यात काढते, पण खरा गिअर हातात घेऊन तो झिजलाय की नाही हे मला सूत्राशिवाय सांगता येत नसे. अण्णा दात्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "ह्यो अजून धा वर्सं जाईल."

दसऱ्याचं आणि यंत्रांचं नातं मला लहानपणापासून ठाऊक. खंडेनवमीला कंपनीत कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. एरवी ज्या शॉपमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं त्या दिवशी सगळं गप्प. यंत्रं धुऊन पुसून बसवलेली, त्यांना हार, फरशीवर रांगोळी, हवेत उदबत्ती आणि कूलंटचा आंबूस वास. माणसं हळू आवाजात बोलायची, देवळात बोलतात तशी. अण्णा मला त्यांच्या मशीनपाशी नेऊन तिला नमस्कार करायला लावायचे आणि मग आपण करायचे. घरी देवाला हात जोडताना मी त्यांना इतकं मन लावून उभं राहिलेलं पाहिलं नाही. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, पानासुद्धा उचलायचा नाही, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर घरातही पाळला. एकदा नवमीला नळ गळायला लागला तर त्यांनी खाली बादली ठेवली आणि दसऱ्याच्या दुपारी वायसर बदलला.

निवृत्तीनंतर ते भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपात माल तपासायला जात. तिथं एका लॉटचं माप चुकलं, माल परत आला. चूक नेमकी कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण अण्णांच्या उजव्या हाताला तेव्हा बारीक थरथर सुरू झाली होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. मालक तरुण आणि सज्जन. तो म्हणाला, "काका, आता आराम करा." चहा पाजला, स्वतःच्या गाडीतून घरी आणून सोडलं. त्या सौजन्यानंच अण्णा खचले. तो भांडला असता तर ते ताठ उभे राहिले असते. पुढचे कित्येक दिवस ते गॅलरीत बसून लोणावळ्याच्या गाड्या जाताना बघत राहिले, आणि मधूनच उजवा हात समोर धरून त्याच्याकडे असं पाहायचे, जणू तो कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिला आहे.

मग गणपती उठले आणि एका सकाळी ते म्हणाले, "गाडी खोलतो."

गाडी म्हणजे त्यांची तरुणपणातली मोटारसायकल. मरून रंगाची, दोन सायलेन्सरांची, किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली. किक मारून झाली की तीच दांडी पुढे पाडायची, की झाला गिअर. माझ्या पिढीतल्या फार थोड्या मुलींच्या नडगीवर त्या दांडीचा वण असेल. माझ्या आहे, कारण सतराव्या वर्षी अण्णांनी मला ती शिकवली. आई लग्न होऊन खेडहून कासारवाडीला आली ती याच गाडीच्या मागच्या सीटवरून. गेली कित्येक वर्षं ती पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. इंजिन चालू व्हायचं, पण गिअर धड पडत नव्हते.

"आता कशाला, अण्णा? भोसरीत देऊ कुणाला तरी."

"दुसऱ्यानं करून काय उपेग? हात शाबूत हाय का ते बघायचंय मला. गिअरबॉक्स जमला तर हाय. न्हाई जमला तर मग आराम." शेवटचा शब्द त्यांनी त्या मालकाच्या आवाजात म्हटला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे गाडीचं काम नाही.

या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच असतो, म्हणून अख्खं इंजिन उतरवून आम्ही जुन्या चादरीत गुंडाळलं आणि दोन टोकांना धरून लिफ्टकडे निघालो, तर वॉचमन धावत आला. "काय झालं? कोन हाय?" अण्णा गंभीर चेहरा करून म्हणाले, "लई दिस आजारी हाय. वर न्हेतोय ऑपरेशनला." मग पंधरा दिवस आमचं घर म्हणजे दवाखानाच होता. आईला फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीमागे बेअरिंगं सापडली. गार केली की ती जराशी आक्रसतात, आणि गरम केलेल्या केसिंगमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचात, हातोडीशिवाय जाऊन बसतात. केसिंग आम्ही तव्यावर तापवलं. पुरेसं तापलं का हे बघायला अण्णांनी त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो चुर्र करून उडाला, आणि आई म्हणाली, "घावनं टाकू का?" मी इतकी हसले की हातातलं बेअरिंग निसटणार होतं. आमच्या घरात इतकं हसू बरेच दिवसांत झालं नव्हतं, आणि त्यानंतर झालं नाही.

बारीक कामं माझ्याकडे होती. अण्णा सांगायचे, मी करायचे. त्यांचा हात थरथरायचा तो काही उचलताना, ठेवताना. एखाद्या वस्तूवर टेकवला की मात्र स्थिर व्हायचा. शाफ्ट, म्हणजे गिअर ज्यावर बसतात तो दांडा, केसिंगमध्ये बसवून, डोळे मिटून, टोकाशी दोन बोटं लावून तो आत-बाहेर हलवत त्यांनी फट मोजली. मग म्हणाले, "पॉइंट तीन."

शाफ्ट आणि केसिंगच्या भिंतीमध्ये जी फट उरते ती भरायला पोलादाची पातळ चकती घालतात, मधे भोक असलेली. तिला शिम म्हणतात. फट जास्त राहिली तर शाफ्ट सरकतो आणि चढावर जोर पडला की गिअर सुटतो. भोसरीतून आणलेल्या मूठभर शिमांमधून अण्णांनी बोटांच्या चिमटीत एकेक धरून पाहिली आणि एक माझ्यापुढे केली. "मोज." त्यांच्या लाकडी पेटीतला मायक्रोमीटर काढून मी मिलिमीटरमध्ये मोजली. पॉइंट तीन. बरोबर. अण्णांनी त्या दिवशी जेवताना एक पोळी जास्त मागून घेतली. अशा दोन शिमा लागल्या, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला ही कागदासारखी.

मी अर्थातच यादी केली होती. परीक्षेच्या कोऱ्या पुरवणीवर, अनुक्रमांक घालून, एक्केचाळीस ओळी. सत्ताविसाव्या ओळीत लिहिलं होतं, "शिम, दोन."

सगळे भाग धुऊन, तपासून तयार झाले तेव्हा अष्टमी होती. मी म्हटलं, पटकन जोडून टाकू, नवमीला अख्ख्या गाडीलाच हार घालू. अण्णा नाही म्हणाले. "गाडीला समदेच हार घालत्यात. टाकीला घालत्यात, हँडलला घालत्यात. आतल्या गिअरला कदी फूल मिळालंय का? जल्मभर तेलात, अंधारात. आज उघडा हाय, आज त्याची पूजा."

चौतीस वर्षं गिअर करणाऱ्या माणसाशिवाय हे कुणाला सुचलं असतं?

मग देवघरापुढे पाट मांडला. त्यावर आईनं तिचा लाल खण अंथरला, "तेलाचे डाग पडणार" असं म्हणत म्हणतच. खणावर एकेक भाग ठेवला: दोन शाफ्ट, लहान-मोठे गिअर, फोर्क, बेअरिंगं, सर्क्लिपा, शिमा. बाजूला पाने, हातोडी, मायक्रोमीटरची पेटी. आईनं प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. ती पातळ शिम ग्रीसमुळे तिच्या बोटालाच चिकटून वर आली. "अगं बाई, ही माझ्याबरोबर येते म्हणतेय," आई म्हणाली आणि तिनं ती पुन्हा खणावर दाबून बसवली. अण्णांनी झेंडूच्या पाकळ्या काढून एकेका गिअरवर ठेवल्या. थरथरत्या हातातून काही पाकळ्या भलतीकडेच पडल्या. पिवळ्या पाकळ्यांत ते घासून चकचकीत केलेले दाते फार सुंदर दिसत होते. मी फोटो काढायला हवा होता. काढला नाही.

दसऱ्याला दुपारी आरती करून हत्यारं उचलली. भाग मी दोन ताटांत भरून घेतले. फुलं आईनं निर्माल्यात टाकली. खण तिनं झटकला नाही. पूजेचा खण झटकायचा नाही, कुंकवासकट घडी घालून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी तसाच उलगडायचा, ही तिच्या माहेरची रीत. तिनं चार घड्या घातल्या आणि तो ट्रंकेत ठेवला.

जोडणी सुरू झाली. मी भाग घालत होते आणि पुरवणीवर खुणा करत होते. मधेच, सुट्टी असूनही, कॉलेजातून फोन आला. तपासणी समिती यायची होती, कुठलीशी फाइल सापडत नव्हती. खांद्यानं फोन कानाशी धरून मी विभागप्रमुखांशी बोलत होते आणि हातानं शिम बसवत होते. जाड शिम. सत्ताविसाव्या ओळीवर खूण केली आणि पुढे गेले. केसिंगचे दोन्ही भाग मिटले, स्क्रू आवळले.

अण्णांनी शाफ्टच्या टोकाला बोटं लावली. डोळे मिटले.

"तायडे, जरा ढिलं लागतंय गं."

"यादीप्रमाणे सगळं गेलंय, अण्णा."

"शिमा दोन्ही घातल्यास?"

"हो हो, दोन्ही."

त्यांनी पुन्हा एकदा शाफ्ट हलवला. मग हात काढून घेतला आणि तो समोर धरून पाहिला, गॅलरीत बसून पाहायचे तसा. "मग बोटालाच कळत नसंल," ते म्हणाले.

हे मी लिहिते आहे आणि माझा हात थांबतो आहे. ते "हो हो" कुणा आळशी माणसाचं नव्हतं, कुणा खोट्या माणसाचंही नव्हतं. यादी हातात असलेल्या माणसाचं होतं. माझ्याकडे कागद होता, त्यांच्याकडे बोट होतं, आणि आम्हा दोघांनाही कागदच खरा वाटला. मुलीला शिकवून मोठं केलं याचा त्या माणसाला केवढा अभिमान. त्या अभिमानापोटीच त्यांनी आपल्या बोटाचं ऐकलं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. खेडला, म्हणजे राजगुरुनगरला, अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे. आत्या सकाळपासून पुरण शिजवून बसली होती. अण्णा चालवत होते, मी मागे. हँडल धरल्यावर त्यांच्या हाताची थरथर दिसेनाशी झाली. भोसरी गेलं. मोशीपर्यंत गाडी इतकी छान चालली की अण्णा मान मागे वळवून ओरडले, "ऐकतीस का आवाज?" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि पुढच्या चढाला तिसरा गिअर सुटला. इंजिन नुसतंच किंचाळलं आणि गाडीतली ताकद गेली. मागून चाकणला जाणारा कंटेनर हॉर्न वाजवत अंगावर आला. अण्णांनी गिअर पुन्हा टाकला. पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीपाशी घेतली आणि इंजिन बंद केलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते टपरीच्या बाकावर बसले, चहा घेतला, अर्धा ठेवला. "फट मापायला चुकलो," म्हणाले. "पॉइंट तीन न्हवती. जास्त आसंल. मला कळलं न्हाई."

"अण्णा, जुनी गाडी आहे. दुसरं काही असेल."

"गिअरचं मला सांगू नगंस."

तेवढ्यात आत्याचा फोन आला, कुठवर आलात म्हणून. फोन स्पीकरवर होता. अण्णा म्हणाले, "अक्का, न्हाई जमत यायला. हात गेला माझा."

"हात कशाला जातोय, मेल्या! गाडी म्हातारी झालीय," आत्या म्हणाली.

"गाडी न्हाई, अक्का. मीच."

तिथून घरापर्यंत आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आलो. सायकलवालेसुद्धा पुढे जात होते. पार्किंगमध्ये त्यांनी गाडी स्टँडला लावली, ताडपत्री घातली, चारही कोपरे नीट खोचले. दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटरची पेटी माझ्या पर्सशेजारी ठेवलेली होती. "तुमच्या लॅबला दे. हितं गंजंल." मी ती कॉलेजात माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मी म्हणाले होते, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा उघडू, बघू काय झालंय. ते "बघू" म्हणाले. दिवाळीत मी पेपर तपासत होते.

माघात अण्णा गेले. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले होते. कप पडला नाही, सांडला नाही. टेबलावर नीट ठेवलेला होता.

मी मुलांना शिकवते की दोन गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक लागते. अगदी घट्ट बसवले तर ते फिरणार नाहीत, फार ढिले ठेवले तर आपटतील. दरवर्षी हे वाक्य मी त्याच सुरात म्हणते आणि मुलं त्याच सुरात लिहून घेतात. यंदा ते म्हणताना मला आम्ही बाप-लेक आठवलो. मी अण्णांना फार मोकळं सोडलं होतं. इतकं की शेवटचे चार महिने ते माझ्या समोर बसून आतून आपटत होते आणि मला आवाज आला नाही.

यंदा सण नव्हताच. वर्ष व्हायचं आहे. पण नवमीच्या सकाळी आई म्हणाली, "सण नाही करायचा, कबूल. पण हत्यारांना कसलं सुतक?" तिनं पाट मांडला. मी कॉलेजातून मायक्रोमीटर आणून ठेवला होता. आईनं ट्रंकेतून लाल खण काढला आणि उलगडायला माझ्या हातात दिला.

पहिली घडी उघडली, जुनं कुंकू. दुसरी उघडली, तेलाचे गोल गोल डाग, प्रत्येक गिअरचा एकेक. तिसरी उघडली. खणाला चिकटलेली, वाळलेल्या ग्रीसमध्ये रुतलेली, कुंकवानं लाल झालेली ती पातळ चकती.

"काय गं ते? डब्याचं रबर?" आईनं विचारलं.

मी नखानं ती सोडवली, पदरानं पुसली, आणि नवमीचा नियम मोडून मायक्रोमीटरमध्ये धरली. आकडा मला वाचायची गरज नव्हती, तरी वाचला. मग मी देवघरापुढे तशीच बसले आणि आईला सगळं सांगितलं. ढिलं लागतंय म्हणाले ते. दोन्ही घातल्यास का म्हणाले ते. मी काय म्हणाले ते.

आईनं खणाच्या तिसऱ्या घडीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "घडी मी घातली होती. झटकला असता तर पडली असती खाली."

"आई, तुझं काय त्यात?"

"आणि तुझं काय? त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच ना?"

"तेच तर," मी म्हटलं. आईनं त्या शिमेला पुन्हा हळदकुंकू लावलं आणि पाटावर ठेवली. एकटीच, मधोमध.

दसऱ्याच्या दुपारपासून आठ-दहा दिवस मी एकटीच गिअरबॉक्स उघडून बसले होते. तीच परात, तोच तवा. या वेळी कुणी घावनांचं म्हणालं नाही. शिमेशिवाय शाफ्ट हलवला तर बोटाला बारीकसं टिक लागत होतं. त्या टिकवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले. अण्णांना लागलं ते हेच. मग शिम घालून बघितलं. टिक नाही. यादी केली नाही. वरातीमागून घोडं म्हणतात तसं माझं काम, पण ते नीट झालं.

काल कोजागरीनंतरचा रविवार होता. आईला सांगून मी गाडी काढली. निघाले ती एकाच कारणासाठी. "हात गेला माझा" हे अण्णांनी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि निदान तिथून तरी ते वाक्य मला पुसायचं होतं.

भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल. चढ लागला तसा मी तिसरा टाकला. खरं सांगते, तो सुटावा असं मला वाटत होतं. सुटला असता तर खोट शिमेत नव्हती, दुसरंच काही होतं, माझ्या त्या "हो हो"नं काही मोडलं नव्हतं. अर्ध्या चढापर्यंत मी त्याची वाट पाहिली. ट्रक गेले, कंपनीच्या बसगाड्या गेल्या, ती टपरी गेली. तिसरा गिअर जागचा हलला नाही. चढ संपला, रस्ता सपाट झाला, तरी मला चौथा टाकवेना. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं रडत होते आणि गाडी त्यांनी मापली होती तशी चालली होती.

आत्या ओट्यावर बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. आवाजावरूनच तिनं गाडी ओळखली असणार, कारण ती भिंतीला धरून उभी राहिली आणि मी जवळ जाईपर्यंत तशीच उभी होती.

"तू व्हय," ती म्हणाली. "बस. पानी देऊ?"

मी तिच्या पायाशी बसले. पाठ करून आणलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "आत्या, अण्णांचा हात गेला नव्हता. माप बरोबर होतं त्यांचं. मी चुकले होते."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, खरखरीत हात, अगदी अण्णांसारखा.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "त्याला कुटं ठावं हुतं?"

आणि पाणी आणायला भिंत धरून आत गेली.